गालिचा, दमा आणि सफाईचे यंत्र: घरासाठी व मंगल कार्यालयासाठी काय पाहावे?

“डॉक्टर, गालिचा साफ करायचं यंत्र घेतलं तर मुलाचा दमा बरा होईल का?” दिवाळीनंतर निफाडमध्ये थंडी उतरली की हा प्रश्न हमखास येतो. दारे-खिडक्या बंद होतात, जमिनीवर जाजम-गालिचे पसरतात, कपाटातल्या रजया बाहेर येतात आणि पहाटेच्या शिंका, रात्रीचा खोकला सुरू होतो.

उत्तर आधीच सांगतो. यंत्राने दमा बरा होत नाही. योग्य यंत्र योग्य रीतीने वापरले तर धूळ कमी होते आणि काहींना त्याने आराम पडतो. चुकीच्या यंत्राने मात्र त्रास वाढू शकतो.

गालिचात नेमके काय असते?

मातीबरोबरच त्यात धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, राहतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या भागाइतकी असते, त्यामुळे ते नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. आपल्या अंगावरून गळणारे त्वचेचे कण हे त्यांचे अन्न. ते चावत नाहीत. अॅलर्जी होते ती त्यांच्या विष्ठेतील आणि मेलेल्या शरीरातील प्रथिनांमुळे. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते वाढतात. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की मरतात, पण त्यांचा कचरा तिथेच राहतो. “किडे तर थंडीत कमी होतात, मग त्रास आताच का?” याचे एक कारण हे.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बागेतून घरात येणाऱ्या चपलांबरोबर माती आणि फवारणीच्या औषधांचे अंश येतात, गालिचात अडकतात आणि उन्हापावसापासून वाचल्यामुळे तिथे जास्त काळ टिकतात. रांगणारे बाळ त्यावरच हात टेकवते आणि तोच हात तोंडात घालते. चपला उंबऱ्याबाहेर ठेवायला पैसे लागत नाहीत.

घरासाठी यंत्र

दुकानात आधी वॉट विचारले जातात. वॉट म्हणजे यंत्र किती वीज खाते; किती ओढते ते नव्हे. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला 900 वॉटची मर्यादा घातली आणि तिथले गालिचे तरीही साफ होतात. तुम्ही फिल्टर विचारा. साध्या फिल्टरचे यंत्र पुढून जाड धूळ ओढते आणि मागच्या बाजूने बारीक धूळ हवेत सोडते. खोली स्वच्छ दिसते, मुलाला मात्र धाप लागते. दम्याच्या घरात हेपा फिल्टर हवा. एच-13 दर्जाचा हेपा फिल्टर अगदी बारीक कणांपैकी 99.95 टक्के अडवतो. पण फिल्टर चांगला आणि यंत्राच्या सांध्यांतून हवा गळते, असे असेल तर उपयोग नाही. यंत्र चालू करून झाकणाच्या कडेला हात धरून पाहा.

पिशवीचे यंत्र घ्यावे की डब्याचे? माझे मत पिशवीला. डबा रिकामा करताना सगळी धूळ पुन्हा तोंडावर येते. जाड लवेच्या गालिचासाठी फिरता ब्रश लागतो. सतरंजीला त्याची गरज नाही, उलट तिच्या दशा त्यात गुंततात.

घरी येऊन गादीवर यंत्र फिरवून काळ्या कापडावर पांढरी धूळ दाखवणारे विक्रेते तुम्ही पाहिले असतील. अशी धूळ कोणत्याही वापरलेल्या गादीतून निघते, निरोगी माणसाच्याही. तेवढ्यावरून महागडे यंत्र हप्त्यांवर घेऊ नका.

खरे तर आपल्याकडच्या बहुतेक घरांत फरशी आहे. घरात दमेकरी असेल तर झोपायच्या खोलीतला गालिचा काढून टाका आणि ओल्या फडक्याने पुसा. हा उपाय कोणत्याही यंत्रापेक्षा सरस आहे. सतरंजी, चादरी, उशांचे अभ्रे धुता येतील तेवढ्या गरम पाण्यात धुवा. 55 ते 60 अंशांच्या पाण्यात किडे मरतात. निफाडच्या एप्रिल-मेच्या कडक उन्हात सतरंजी दिवसभर दोन्ही बाजूंनी तापवली तरी बरेच मरतात. नंतर ती घराबाहेरच झटका, कारण मेलेल्या किड्यांचा कचराही काढायचा असतो.

मंगल कार्यालय, लॉज, दवाखाना

इथे सांडलेला रस्सा, चहा, चिखल असतो. नुसत्या कोरड्या यंत्राने भागत नाही. पाणी फवारून लगेच ओढून घेणारे यंत्र लागते. त्यात पाणी किती फवारले जाते यापेक्षा किती परत ओढले जाते हे महत्त्वाचे. ओला गालिचा 24 ते 48 तासांत वाळला नाही तर बुरशी धरते. लग्न संपले की घाईत गुंडाळून गोदामात टाकलेल्या कार्पेटला येणारा कुबट वास तोच, आणि बुरशीचे कण दम्याला किड्यांइतकेच वाईट. म्हणून यंत्राबरोबर मोठा पंखा घ्या आणि पावसाळ्यात ओली सफाई दोन कार्यांमध्ये उसंत असेल तेव्हाच करा.

पाणी तापवणारी यंत्रे साध्या प्लगवर चालवू नका. 16 अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा स्विच हवा. आवाजही विचारा. रोज आठ तास 85 डेसिबलच्या आवाजात काम करणाऱ्याचे कान हळूहळू जातात. सफाई करणाऱ्याला एन-95 मास्क द्या. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

यंत्र आले म्हणून पंप बंद करू नका

2008 मध्ये कॉक्रेन या संस्थेने पन्नासहून अधिक चाचण्यांचे परीक्षण केले. किडे कमी करण्याच्या उपायांनी, एकूण पाहता, दम्यात ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे सफाई ही जोडीला. इनहेलर, ज्याला आपण पंप म्हणतो, तो रोजचा. “पंपाची सवय लागते” हा गैरसमज आहे. आणि मुलाचा त्रास धुळीचाच आहे, हे तपासणीशिवाय गृहीत धरू नका.

सफाई दमेकऱ्याने स्वतः करू नये. त्याला खोलीबाहेर ठेवा, खिडक्या उघडा आणि नंतर निदान अर्धा तास आत येऊ देऊ नका. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही दम उतरत नसेल, तर थांबू नका. रुग्णाला बसते ठेवा, सांगितल्याप्रमाणे पंप देत राहा आणि 108 ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्या.