वेगळ्या चुलीचा कौल

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या फुटून निघण्याच्या वादाचा इतिहास

संघराज्य म्हणजे प्रांतांनीं आपसांत केलेला करार, कीं एकदां बसल्यावर कधींहि न सुटणारी गांठ? अमेरिकेंत या प्रश्नाचा निकाल १८६१ ते १८६५ या वर्षांत रणांगणावर लागला. ऑस्ट्रेलियांत तोच प्रश्न १९३३ सालीं मतपेटीपुढें आला. तेथें रक्ताचा थेंबहि सांडला नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच या प्रकरणाकडे जगाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. परंतु फुटीरपणा कशांतून जन्मतो आणि कशानें शमतो, हें पाहावयाचें असेल तर इतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

ऑस्ट्रेलिया खंडाचा पश्चिमेकडील जवळजवळ तिसरा हिस्सा या एका प्रांतानें व्यापलेला आहे. त्याची राजधानी पर्थ. पर्थ आणि पूर्वेकडील सिडनी, मेलबोर्न हीं शहरें यांच्यामध्यें नलारबॉरचें विस्तीर्ण, वृक्षहीन मैदान पसरलें आहे. १ जानेवारी १९०१ रोजीं सहा ब्रिटिश वसाहतींचें संघराज्य झालें, तेव्हां पश्चिम ऑस्ट्रेलियानें त्यांत सामील होण्याचा निर्णय सर्वांच्या मागून घेतला. मुख्य प्रधान सर जॉन फॉरेस्ट यांचें मन दीर्घकाळ दोलायमान होतें. उलट कूलगार्डी व कालगुर्ली येथील सोन्याच्या खाणींवर पूर्वेकडून आलेले लोक अधीर झाले होते. संघांत जावयाचें नसेल तर आम्हांला या वसाहतीपासून तोडून निराळें करा, असा अर्ज त्यांनीं व्हिक्टोरिया राणीकडे धाडला. म्हणजे पुढें जो प्रांत संघांतून फुटूं पाहणार होता, त्याला संघांत ओढण्यास फुटीचाच धाक कांहीं अंशीं कारण झाला! ३१ जुलै १९०० रोजीं ४४,८०० मतें संघाच्या बाजूनें व १९,६९१ विरुद्ध पडलीं. इतर प्रांतांतून येणाऱ्या मालावर पांच वर्षेंपर्यंत उतरत्या दरानें जकात घेण्याची सवलत या प्रांतास घटनेनें दिली. खंड ओलांडून जाणाऱ्या रेल्वेचें आश्वासन मात्र घटनेंत लिहिलेलें नव्हतें. ती रेल्वे पुरी होण्यास १९१७ साल उजाडलें. तत्पूर्वीं १९०६ मध्येंच प्रांताच्या विधानसभेनें फुटून निघण्याच्या बाजूनें ठराव केला होता.

तक्रारीचें मूळ जकातींत होतें. पश्चिमेचा शेतकरी गहूं व लोंकर जगाच्या बाजारांत, जगाच्या भावानें विकी. परंतु नांगर, यंत्रें, कापड व जोडे त्याला घ्यावे लागत ते संरक्षक जकातीच्या आडोशानें महागलेल्या भावानें. ती जकात मेलबोर्न-सिडनीच्या कारखान्यांसाठीं होती. कारखाने पूर्वेस, त्यांतील मजुरी पूर्वेस, आणि भार मात्र पश्चिमेस, असा हा व्यवहार होता. संघाच्या कनिष्ठ सभागृहांतील सुमारें पाऊणशें सभासदांपैकीं या प्रांताचे अवघे पांच असल्यामुळें त्यांचा आवाज तेथें कितीसा चालणार? १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत गव्हाचे भाव कोसळले, आणि जी कुरकुर होती तिची चळवळ झाली. १९३० मध्यें डोमिनियन लीग स्थापन झाली. ब्रिटिश साम्राज्यांत राहून, परंतु ऑस्ट्रेलियापासून वेगळें, असें स्वतंत्र राज्य हें तिचें ध्येय होतें.

संघाच्या कैवाऱ्यांचें म्हणणेंहि पोकळ नव्हतें. साडेचार लाखांहून कमी वस्तीच्या प्रांतानें एवढ्या किनाऱ्याचें रक्षण कसें करावयाचें? कर्जाला पत कोठून आणावयाची? मंदीनें पूर्वेकडील कामगारहि देशोधडीस लागला आहे, मग तिचें खापर एकट्या संघाच्या माथीं कां? शिवाय १९१० पासून या प्रांतास संघाच्या तिजोरींतून खास रक्कम मिळत आलीच होती. त्यावर प्रतिपक्षाचें उत्तर असें कीं, आमच्याच खिशांतून घेतलेल्या पैशांपैकीं चार नाणीं परत करणें याला दान म्हणत नाहींत. पंतप्रधान जोसेफ लायन्स स्वतः प्रचारास पश्चिमेकडे गेले; पण त्याचा उपयोग झाला नाहीं.

८ एप्रिल १९३३ रोजीं मतदान झालें. फुटण्याच्या बाजूनें १,३८,६५३ आणि विरुद्ध ७०,७०६ मतें पडलीं. खाणींच्या मुलखानें याहि वेळीं संघाचीच बाजू घेतली. घटनेंत सुधारणा सुचविण्यासाठीं परिषद बोलवावी काय, हा मधला मार्गहि मतदारांपुढें ठेवला होता. तो त्यांनीं नाकारला. भूमीच्या मूळ रहिवाशांना मात्र बहुतांशीं मतदानाचा अधिकारच नव्हता. देश कोणाचा या वादांत त्यांना कोणींच विचारलें नाहीं, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या न्यायबुद्धीला कमीपणा आणणारी आहे.

त्याच दिवशीं प्रांतिक निवडणूकहि होती, आणि तिचा निकाल चमत्कारिक लागला. फुटीचा पुरस्कार करणारे मुख्य प्रधान सर जेम्स मिचेल यांचें सरकार पडलें व ते स्वतःहि पराभूत झाले. सत्तेवर आला तो फिलिप कॉलियर यांचा मजूर पक्ष, म्हणजे फुटीला प्रतिकूल असलेला पक्ष! मंदीनें गांजलेल्या मतदारानें पर्थमधील व दूरच्या राजधानींतील, अशा दोन्ही कारभाऱ्यांवरील राग एकाच दिवशीं काढला, असा याचा अर्थ दिसतो. तथापि कौल तो कौल. कॉलियर यांच्या सरकारनें पार्लमेंटकडे अर्ज नेण्यासाठीं शिष्टमंडळ लंडनला पाठविलें.

१९३५ सालीं पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनें हा अर्ज स्वीकारण्यासच नकार दिला. ऑस्ट्रेलियाच्या घटनेंत ब्रिटिश पार्लमेंटनें हात घालावयाचा तर खुद्द संघसरकारची तशी विनंति हवी. एका प्रांताच्या सांगण्यावरून तसें करतां येत नाहीं, असा तिचा अभिप्राय पडला. घटनेच्या उपोद्घातांत संघाला अभेद्य म्हटलेलेंच होतें. कायद्याचा निर्णय सरळ होता. परंतु तीन मतदारांपैकीं दोघांनीं मागितलेली गोष्ट नुसत्या दप्तरी उत्तरानें परत फिरावी, हें लोकशाहीस शोभणारें होतें काय? तेवढ्यावरच भागलें असतें, तर ही जखम आंतून चिघळत राहिली असती.

ती चिघळली नाहीं याचें एक कारण भाव हळूहळू सावरले व सोन्याला किंमत आली हें होय. दुसरें कारण अधिक मोलाचें आहे. १९३३ मध्येंच संघसरकारनें प्रांतांना द्यावयाच्या साहाय्याचा विचार करण्यासाठीं तीन सभासदांचा स्वतंत्र अनुदान आयोग नेमला होता. फ्रेडरिक एगल्स्टन हे त्याचे पहिले अध्यक्ष. नुकसानभरपाई किती, हा कधींच न संपणारा वाद बाजूस सारून आयोगानें १९३६ सालीं निराळें माप लाविलें. योग्य तो प्रयत्न करूनहि ज्या प्रांताचा कारभार इतरांच्या पातळीच्या फार खालीं राहत असेल, त्याला ती पातळी गांठण्यापुरतें साहाय्य मिळावें, असें तें माप होतें. काल जी याचना होती, ती आतां नियमानें ठरणारी बाब झाली.

पुढें काळानें पारडें फिरविलें. १९६० मध्यें लोहखनिजाच्या निर्यातीवरील बंदी सैल झाली व पिलबाराच्या डोंगरांतील लोखंडानें हा प्रांत श्रीमंत झाला. २०१५-१६ मध्यें वस्तु व सेवा कराच्या वांटपांत, लोकसंख्येप्रमाणें एक डॉलर यावयाचा तेथें त्याच्या पदरांत सुमारें तीस सेंट पडूं लागले, आणि अन्यायाची जुनी भाषा पर्थमध्यें पुन्हां ऐकूं आली. १९३३ सालीं घेणाराचें गाऱ्हाणें होतें, आतां देणाराचें झालें. २०१८ च्या कायद्यानें प्रांताच्या वांट्याला किमान मर्यादा घालून त्यावर तोड काढण्यांत आली.

एकत्र कुटुंबांत वेगळी चूल मागणारा प्रत्येक भाऊ कुलद्रोही नसतो; पुष्कळदां त्याला घरच्या जमाखर्चाची वही पाहावयाची असते. ती दाखविली नाहीं म्हणजे संशय वाढतो, आणि संशयाला पुढें अभिमानाचें रूप येतें. भारतीय राज्यघटनेच्या २८० व्या कलमान्वयें वेळोवेळीं नेमला जाणारा वित्त आयोग हीच वही उघडी ठेवण्यासाठीं आहे. अभेद्य हा शब्द घटनेंत एकदां लिहून ठेवतां येतो. पण न्याय्य वांटपाचा हिशेब प्रत्येक पिढीला नव्यानें मांडावा लागतो.