गोअन क्रेझी

गोव्याचे गायक-गीतकार रेमो फर्नांडिस (जन्म : ८ मे १९५३) यांचा पहिला एकल अल्बम. भाषा इंग्रजी. १९८४मध्ये कॅसेटच्या रूपात प्रसिद्ध.

पार्श्वभूमी : रेमो मूळ बार्देश तालुक्यातील शिवोलीचे. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकत असताना ते ‘द सॅव्हेजेस’ या रॉक बँडमध्ये आले. गिटार, गायन आणि गीतलेखन अशा तिन्ही बाजू ते सांभाळत. ‘ब्लॅक’ हा या बँडचा त्यांच्या काळातील अल्बम. पुढे बँड सोडून ते युरोप व आफ्रिकेत फिरले आणि शिवोलीला परतले. त्या काळी भारतातील बहुतेक रॉक बँड परदेशी गाणीच वाजवत. रेमोंना मात्र गोव्याच्या रोजच्या जगण्यावर स्वतःची गाणी करायची होती. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ती नाकारली, तेव्हा त्यांनी कॅसेट स्वतःच काढायचे ठरवले.

निर्मिती : ध्वनिमुद्रण शिवोलीच्या घरीच, चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर झाले. १९७९मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रात साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकावर एक मुद्रित करता येत; त्यामुळे एकटा माणूसही सगळा वाद्यमेळ उभा करू शकत असे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ (१९८२) अशाच यंत्रावर घरी तयार झाला होता. ‘गोअन क्रेझी’तील गीते, संगीत, सर्व आवाज व वाद्ये, ध्वनिमुद्रण आणि मुखपृष्ठही रेमोंचेच. तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून त्यांनी गोव्यातील दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या.

आशय : रॉकच्या चौकटीत गोव्याचे विषय, हे या अल्बमचे वैशिष्ट्य. ‘ओड टू ग्रॅहॅम बेल’ या गाण्यात त्या काळच्या गोव्यातील टेलिफोनच्या दुरवस्थेची खिल्ली आहे. ऐकणाऱ्याला आपलीच अडचण रॉकच्या ठेक्यावर ऐकू येत होती.

प्रभाव : यापाठोपाठ ‘ओल्ड गोअन गोल्ड’ (१९८५) आणि ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) हे अल्बम आले. ‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील गाण्यांमुळे रेमो देशभर पोचले. २००७मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कंपनीच्या आधाराविना, आपल्या गावात बसून, आपल्याच माणसांविषयी रॉक संगीत करता येते, हे भारतात ठसठशीतपणे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांत ‘गोअन क्रेझी’चे स्थान मानाचे आहे.