विंडोज-लिनक्स एकाच लॅपटॉपवर आणि अचानक काळी स्क्रीन? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

उद्या सकाळी प्रोजेक्ट सबमिट करायचा आहे. रात्री लॅपटॉप चालू केला, तर विंडोज आणि उबुंटूच्या नेहमीच्या यादीऐवजी काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: 'ग्रब रेस्क्यू'. किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस'. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, 'डिस्क गेली!' आणि दुसरा, 'सगळं फॉरमॅट मारू.' पहिला विचार अनेकदा चुकीचा असतो. दुसरा मात्र कायमचा महागात पडू शकतो.

नेमकं बिघडतं काय?

एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असणं म्हणजे ड्युअल बूट. आजच्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा एक छोटा भाग फक्त कॉम्प्युटर सुरू करण्यासाठी राखलेला असतो. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. विंडोजचा 'बूट मॅनेजर' आणि लिनक्सचा 'ग्रब' हे दोघंही तिथेच असतात. आधी कोणाला हाक मारायची, हा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत साठवलेला असतो.

म्हणजे हा क्रम बदलला किंवा ग्रबच्या फाइल्स हलल्या, तर कॉम्प्युटर सुरू होत नाही. पण तुमचे फोटो आणि फाइल्स बहुधा जागेवरच असतात.

पहिली तपासणी: डिस्क दिसते का?

लॅपटॉप सुरू होताना बायोस सेटिंगमध्ये जा. कंपनीनुसार त्यासाठी एफ२, एफ१०, एस्केप किंवा डिलीट यापैकी एक बटण असतं. तिथे डिस्कचं नाव दिसतं का, ते पाहा.

- नाव दिसत नसेल, तर अडचण हार्डवेअरची असू शकते. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. डेटा महत्त्वाचा असेल, तर थेट डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या.
- नाव दिसत असेल, तर पुढच्या पायऱ्या करून पाहा.

कोणत्या लक्षणावर काय उपाय?

थेट विंडोज सुरू होतं, लिनक्सचा पर्यायच येत नाही: विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर असं होऊ शकतं. बायोसमधल्या बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' शोधा आणि ते सगळ्यात वर आणा.

'ग्रब रेस्क्यू' येतं: नको म्हणून विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलं, की हमखास हे होतं. ग्रबचा छोटा तुकडा उरतो, पण त्याला लागणाऱ्या बाकीच्या फाइल्स गेलेल्या असतात. बूट मेन्यूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. विंडोज सुरू झालं, तर तोच पर्याय बूट ऑर्डरमध्ये वर ठेवा. लिनक्स हवं असेल आणि पार्टिशन शाबूत असेल, तर उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून 'बूट रिपेअर' हे टूल चालवता येतं.

विंडोजच सुरू होत नाही: विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' आणि मग 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नका.

'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा मेसेज येतो: ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट कॉम्प्युटरवर लिनक्स सुरू होईना. ग्रबमधल्या जुन्या त्रुटीचा गैरफायदा कोणी घेऊ नये म्हणून त्या अपडेटने जुने बूटलोडर अडवले होते. ड्युअल बूट असलेल्यांना हा नियम लागू होणार नव्हता, पण प्रत्यक्षात तेही अडकले. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ च्या अपडेटमध्ये ही अडचण दूर केली. आजही हा मेसेज आला, तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स अपडेट करतात आणि नंतर ते पुन्हा चालू करतात.

थांबा, बिटलॉकर आहे का?

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी हे नक्की तपासा. विंडोजची डिस्क बिटलॉकरने लॉक केलेली असेल, तर असा बदल केल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. अनेकांच्या लॅपटॉपवर हे लॉक त्यांच्या नकळत चालू झालेलं असतं. ही की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून ती आधी लिहून घ्या. की नसेल, तर त्या डिस्कवरचा डेटा परत मिळण्याचा मार्ग जवळपास बंदच होतो.

एवढं लक्षात ठेवा

- दुरुस्तीआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.
- विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, त्यामुळे ते कधी कधी 'फॉरमॅट करू का?' असं विचारतं. उत्तर एकच: नाही.
- विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर फाइल सेव्ह करताना अडचण येते.
- दोन्ही सिस्टिमचे पेनड्राइव्ह आजच तयार करून ठेवा. लॅपटॉप बंद पडल्यावर ते बनवायला दुसऱ्याचा कॉम्प्युटर शोधावा लागतो.