पोटुशीला फ्लूची लस?

नातीला पाचवा महिना. फ्लूची लस घ्यावी की नाही, यावर घरात दोन तट! मला १९१८ आठवतं, अर्थात वाचलेलं. त्या जूनमध्ये मुंबईत साथ शिरली. सप्टेंबरची दुसरी लाट तर फारच जीवघेणी. अमेरिकेत डॉ. हॅरिस यांनी आजारी पडलेल्या १,३५० गर्भवतींच्या नोंदी जमवल्या. २७ टक्के दगावल्या होत्या. १९५७ च्या साथीतही गर्भवती गेल्या. मग १९६० मध्ये तिथे त्यांना लस सुचवली गेली. आपण जागे झालो ते २००९ च्या पुण्यातल्या स्वाइन फ्लूने.

बाळाचं काय? टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. सहा महिन्यांआतल्या बाळाला ही लस देतच नाहीत. त्याला संरक्षण आईकडूनच. नातीला म्हटलं, डॉक्टरांशी बोल आणि घेऊन टाक.