चाक काढण्याची कला : खिळीपासून टॉर्क पान्यापर्यंत

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यातील कारंजा तालुक्याने तीन प्रकारची चाके पाहिली आहेत. पहिले कापसाने भरलेल्या बैलगाडीचे, दुसरे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या आगगाडीचे आणि तिसरे समृद्धी महामार्गावरून ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे. चाक बसवण्याचा इतिहास आपण पुष्कळदा वाचतो. चाक काढण्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक चाक न बिघडवता काढायचे, तर ते कशाने धरून ठेवले आहे हे आधी समजावे लागते. हत्याराची निवड त्यावरच ठरते.

बैलगाडीपासून सुरुवात करू. गाडीचे चाक आसावर सैल फिरते आणि आसाच्या टोकाशी असलेली एक खीळ त्याला बाहेर पडू देत नाही. ऋग्वेदात या खिळीला ‘आणि’ असा शब्द आहे. दशरथाच्या रथाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीने तेथे बोट घातले, ही लोककथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. एवढ्याशा वस्तूवर सगळा रथ अवलंबून असतो, हे त्या कथेतले यंत्रशास्त्र! असे चाक काढणे सोपे असते. गाडीला टेकू द्यायचा, खीळ उपसायची आणि चाक बाहेर ओढायचे. वंगण घालण्यासाठी हे वरचेवर करावेच लागे. येथे जोर लावण्याचे कारणच नव्हते.

त्याच चाकावरची लोखंडी धाव काढणे हे मात्र वेगळे काम आहे. धाव लाकडी चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात तापवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढते. धावेचा व्यास १ मीटर धरला, तर तिचा परीघ ३१४० मिलिमीटर होतो. तापमान ५०० अंशांनी वाढवले, की परीघ सुमारे १९ मिलिमीटरने व व्यास ६ मिलिमीटरने वाढतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि धाव सैल होते. मग चाक पाण्यात भिजवून तात्पुरते काम भागवावे लागते, नाहीतर लोहार धाव उतरवून, तिचा तुकडा कापून ती पुन्हा सांधतो.

शकुंतलेच्या मार्गावर १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. वाफेच्या इंजिनांच्या चाकांवर पोलादी धाव बसवत, आणि तत्त्व बैलगाडीचेच होते. झिजलेली धाव काढताना घणाचे घाव घालत नसत. तिच्याभोवती ज्योतींचे कडे लावून ती झटपट तापवत. आतले चाक तापण्यापूर्वी धाव फुगते आणि सुटते. येथे हत्यार म्हणजे उष्णता. ती बाहेरच्या भागालाच मिळाली पाहिजे, एवढे पथ्य.

आता मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींची चाके काढता येत नसत आणि टायर फुटला की तो चाकावरच बदलावा लागे. शर्यतीत हा वेळ फार महाग पडे. १९०६ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे झालेल्या ग्राँ प्रीमध्ये रेनॉ गाडीचा चालक फेरेन्स झिस जिंकला. त्याच्या यशात काढता येणाऱ्या कडांचा मोठा वाटा होता. यानंतर काही वर्षांतच इंग्लंडच्या रज-व्हिटवर्थ कंपनीचे तारांचे चाक प्रसिद्ध झाले. त्यातल्या तुंब्याच्या आतील खाचा आसाच्या खाचांत बसतात आणि मध्यभागी एकच मोठी, दोन कान असलेली चाकी ते दाबून धरते. कानावर हातोडा मारला की चाकी सुटते. पुढे अनेक वर्षे स्पोर्ट्‌स कारची हीच ओळख होती.

प्रश्न असा, की हातोडा कोणता? दोन वस्तू आदळल्या की मऊ वस्तू चेपते. ब्रिनेल मापाने शिशाची कठीणता ५ च्या आसपास, नरम तांब्याची ४० च्या आसपास, तर साध्या पोलादाची १२० च्या आसपास असते. पोलादी हातोड्याने चाकीचे कान चेपतात आणि त्यांवरचा मुलामा उडतो. म्हणून तांब्याचा, शिशाचा किंवा कातड्याचा हातोडा वापरतात. झीज व्हायचीच असेल तर ती स्वस्त हातोड्याची व्हावी, महाग चाकाची नव्हे. हे कान पादचाऱ्यांना इजा करू शकतात म्हणून १९६८ पासून अमेरिकेत त्यांवर बंदी आली. बिनकानांच्या अष्टकोनी चाक्या आल्या. त्यांच्यासाठी खास पाना लागतो आणि घाव पान्याच्या दांड्यावर पडतो.

आजच्या बहुतेक मोटारींत चार-पाच नट असतात. ते ताणलेल्या स्प्रिंगसारखे चाकाला दाबून धरतात आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. म्हणून नट किती आवळला हे महत्त्वाचे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांनी १९१८ मध्ये जमिनीखालच्या नळांचे बोल्ट प्रमाणात आवळता यावेत म्हणून टॉर्क पाना तयार केला. साध्या मोटारीच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर पुरतात. अर्धा मीटर दांड्याच्या टोकाशी २० किलोग्रॅम वजन टांगल्याइतका हा जोर आहे. मध्यभागी एकच चाकी असलेल्या काही पोर्शे गाड्यांना मात्र ६०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे १ मीटर दांड्यावर ६० किलोग्रॅम! अशी चाकी सोडवताना दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा लागतो.

त्यामुळे हत्यारांची निवड आपोआप ठरते. सोडवण्यासाठी लांब दांडा वापरावा, कारण टॉर्क पाना मोजण्यासाठी असतो आणि सोडवताना तो बिघडू शकतो. नटावर सहा बाजूंचा सॉकेट घालावा, कारण तो कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जोर देतो. सॉकेटवर प्लास्टिकची टोपी असावी, म्हणजे मिश्रधातूच्या चाकावर ओरखडे पडत नाहीत. गाडी उचलण्यापूर्वीच नट थोडे सैल करावेत. अॅल्युमिनियमचे चाक व पोलादी तुंबा यांच्यामध्ये ओलाव्याने विद्युत-रासायनिक गंज धरतो आणि नट निघूनही चाक हलत नाही. तेव्हा गाडीला भक्कम टेकू देऊन टायरच्या रबरावर रबरी हातोड्याने आळीपाळीने ठोके द्यावेत, धातूच्या कडेवर कधीही नाही.

वर्गात याची चाचणी सहज घेता येईल. सायकलचे दोन्ही पायटे काढायला सांगा. डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात. जो विद्यार्थी आधी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते पाहतो, त्याला पायटा निघतो. जो नुसता जोर लावतो, त्याचा पायटा आणखी घट्ट बसतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर अशी चूक केवळ चाकाची हानी करून थांबणार नाही.