प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर : सापेक्षता संशोधनाच्या बनारस परंपरेचे शिल्पकार

प्रस्तावना :
आइन्स्टाइन यांनी 1915 साली व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला. त्याच्या समीकरणांनुसार विश्व प्रसरण पावू शकते, हे रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी 1922 मध्ये दाखविले. तरीही अवघड गणित आणि पडताळणीची अल्प साधने यांमुळे हा विषय कित्येक वर्षे भौतिकशास्त्राच्या मुख्य प्रवाहाबाहेर राहिला. अशा काळात भारतात त्याची अभ्यासपरंपरा निर्माण करणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञाच्या कार्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जीवन व शिक्षण :
विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म 26 सप्टेंबर 1908 रोजी कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी संपादन करून ते केंब्रिजला गेले व गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत त्यांनी उज्ज्वल यश मिळविले. 1932 साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती.

अध्यापन व संशोधन :
सापेक्षतेच्या संशोधनाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो मार्गदर्शक. बनारसमध्ये तो लाभला. 1942 मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य तेथे आले. ताऱ्याबाहेरील गुरुत्वक्षेत्राचे श्वार्झशिल्ड यांनी 1916 मध्ये दिलेले उत्तर प्रकाश न टाकणाऱ्या ताऱ्यापुरते होते. प्रकाशमान ताऱ्यासाठीचे उत्तर वैद्य यांनी 1943 मध्ये शोधले. के. आर. करमरकर यांनी 1948 मध्ये मांडलेली गणिती अट आज अतिघन ताऱ्यांच्या प्रतिकृती रचताना वापरली जाते.

1960 च्या सुमारास बनारस सोडल्यावर नारळीकरांनी राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषविले आणि पुढे पुणे विद्यापीठात अध्यापन केले. 1969 मध्ये स्थापन झालेल्या सापेक्षता व गुरुत्वाकर्षण अभ्यासकांच्या भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. 1991 साली त्यांचे निधन झाले. बनारसमध्येच वाढलेले त्यांचे पुत्र डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) यांनी विश्वरचनाशास्त्रात जागतिक कीर्ती मिळविली.

निष्कर्ष :
या परंपरेतून पुढे आलेली वरील दोन सूत्रे विद्यार्थ्यांच्या नावांनी ओळखली जातात, गुरूच्या नव्हे. विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या नोंदींतून लिहिला जातो. त्यामुळे शोध लावणारे विद्यार्थी घडविणाऱ्या अध्यापकाचे कार्य दुर्लक्षित राहते. साधनांची वानवा असणाऱ्या महाविद्यालयांनी नारळीकरांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.