अंबाडीचा दोर आणि कृत्रिम स्नायू

मऊ अंगाच्या यंत्रमानवांत आणि नखाएवढ्या उपकरणांत आज जे कृत्रिम स्नायू बसवले जातात, त्यांचे जनकत्व कोणाचे, या प्रश्नावर तंत्रज्ञांच्या दफ्तरात अनेक दाखले नोंदलेले आहेत. नांदेड-लातूरकडच्या अंबाडीच्या दोराचे नाव मात्र त्यांत कोठेही नाही, आणि तरीही या घराण्याच्या मूळ पुरुषाचा मान मी त्या दोरालाच देतो.

प्रसिद्ध दाखले आधी उरकून घेऊ. रंटगेनने १८८० मध्ये विद्युत्भाराने रबराची लांबी बदलून दाखवली. कुन आणि काचाल्स्की यांनी १९५० च्या सुमारास आम्ल-अल्कलींच्या योगाने फुगणारे व आकसणारे बहुवारिकांचे धागे सिद्ध केले. पुढे उष्णतेने मूळ आकार आठवणारा निटिनॉल हा मिश्रधातू आला.

खरा वाद आहे तो मॅककिबेन स्नायूविषयी. जोसेफ मॅककिबेन हे लॉस अ‍ॅलामॉसचे भौतिकीवेत्ते. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाची अखेरची कळ फिरवणारा हात यांचाच. पोलिओने लुळ्या पडलेल्या स्वतःच्या मुलीच्या बोटांना पकड यावी म्हणून याच गृहस्थांनी १९५० नंतरच्या दशकात रबरी नळीवर तिरक्या धाग्यांची विणीव खोळ चढवून तीत कर्बद्विप्रणिल वायू सोडला, आणि नळी फुगताच ती आखूड होऊन बोटे मिटू लागली. परंतु अशाच साधनाचे अमेरिकन पेटंट रिचर्ड गेलॉर्ड यांच्या नावे १९५८ मध्ये नोंदले गेले, आणि ओढ निर्माण करणाऱ्या तशाच एका साधनाची सनद ह्यू डी हेव्हन यांनी १९४९ मध्येच मिळवलेली होती. तेव्हा नाव मॅककिबेनचे लागले असले तरी सातबारा निर्वेध नाही.

या वादात शिरण्यापेक्षा यंत्रणा पाहावी. धागा स्वतः ताणला जात नाही. तो आतल्या भरावाभोवती मळसूत्रासारखा फिरलेला असतो. भराव जाड झाला की वेढ्यांचा घेर वाढतो, आणि धाग्याची लांबी तेवढीच असल्यामुळे घेरात गेलेले माप उंचीतून वजा होते. धाग्याचा अक्षाशी कोन सुमारे ५४.७ अंश झाला की आकुंचन थांबते. आता मराठवाड्यातला दोर घ्या. ज्वारीच्या शेतात तासाने पेरलेली अंबाडी कापून, पाण्यात कुजवून, तिचा वाख सोडवून, त्याचे पेड वळून तिपेडी दोर करण्याची विद्या बलुतेदारीच्या काळी मुख्यत्वे मातंग समाजाने सांभाळली. हा वाख पाणी पितो तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत मात्र फुगतो. आणि पीळ असल्यामुळे फुगलेला दोर आखूड होतो. श्रावणाच्या झडीत भिजलेल्या दाव्याची गाठ सुटता सुटत नाही, ती याच कारणाने. वायूच्या जागी पाणी घातले की मॅककिबेनचे भूमितीसूत्र दोराला तत्त्वतः लागू पडते.

काही लेखक हा मान बोट अडकवणाऱ्या विणीव चिनी नळीला देतात. मला ते पटत नाही. त्या नळीत तिरका धागा आहे, पण फुगणारा भराव नाही. ती बाहेरून ओढल्यावर आवळते, आपण होऊन ओढत नाही. रंटगेनच्या रबरात बळ आहे, पण मळसूत्र नाही. दोन्ही गुण एकाच अंगी असलेला पूर्वज दोरच. त्याची बाजू लंगडी पडते ती वेगात आणि मापात: त्याचे आकुंचन अल्प असते, आणि वाळून पूर्ववत व्हायला तो सबंध दुपार घेतो. शिवाय आमच्याकडची विद्या कोणी अमेरिकेत नेली, असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. दोर सर्व देशांत वळला जातो व सर्वत्र भिजतो, त्यामुळे हे ज्ञान अभियंत्यांच्या हाताला त्यांच्या पेटंटांपूर्वीच होते, असा माझा तर्क आहे.

दोराच्या पूर्वजपणाला बळकटी मिळाली ती २०१४ मध्ये. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील रे बॉमन यांच्या गटाने मासेमारीच्या नायलॉन दोरीला इतका पीळ दिला की ती स्वतःवरच वेटोळी झाली. तापवताच धागा जाड होऊन उलगडू पाहतो, आणि त्या ओढीने वेटोळी एकमेकांकडे खेचली जातात. तेवढ्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूपेक्षा शंभरपट भार या दोरीने उचलला. २०१९ मध्ये पिळाच्या रेशमी धाग्यांचे स्नायू केवळ हवेतल्या ओलाव्यावर चालवले गेले, म्हणजे वंशज फिरून पाण्याकडेच आला.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतील श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, अंबाडीचा दोर आढ्याला टांगून, खाली धोंडा बांधून, ओझ्याने तो पुरता ताणला गेल्यावर त्यावर पाणी शिंपडावे आणि धोंडा किती वर चढतो ते पट्टीने मोजावे. बाजारातला प्लॅस्टिकचा दोर त्यासाठी घेऊ नये. तो पाणी पीत नाही.